दाताळ्याचे दात कुणीकडं?

मागच्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुम्ही दोघांनी फोनवर फार काळजी केलीत, पण काळजी करण्यासारखं काही घडलंच नाही. सकाळी नऊला गेले आणि साडेअकराला घरी येऊन मऊ भात जेवले. डॉक्टरांनी जुनं भिंग आतल्या आत बारीक करून ओढून घेतलं, नवं बसवलं, टाका एकही घातला नाही. मात्र ऑपरेशनच्या आधी, तपासणीच्या वेळी मी तिथं काय केलं त्याची तक्रार तुमच्या आईनं तुमच्यापर्यंत पोहोचवली आहे असं कळलं. म्हणून हा खुलासा.

तपासणाऱ्या मुलीनं मला समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मी म्हटलं, "आधी तो उलटा टांग."

"आजी, तो सरळच आहे."

"तेच म्हणते मी. सरळ असेल तर मला डोळे मिटूनही वाचता येतो," असं म्हणून मी डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा म्हणून दाखवला. मुलगी डॉक्टरांना बोलवायला पळाली. तुमची आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली; ते काय होतं हे तिला अजून आठवत नाही.

तर मुलांनो, तुमच्या आजीचं डोकं ठिकाणावर आहे. तक्ता उलटा का करायचा हे मला एका सुभेदारानं शिकवलं, आणि त्या शिकवणीची किंमत त्यानं भरली.

सांगलीच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात मी नजर तपासत असे. बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजी येणारी, म्हणून रुग्णालयाला माझं कौतुक. आणि मी व्यवस्थित, म्हणून मला माझं कौतुक. माझ्या टेबलावर दौत, टीप कागद, वही आणि काठी यांच्या जागा ठरलेल्या असत. तुमचे आजोबा म्हणायचे, "ही बाई मिठाच्या बरणीलासुद्धा हजेरी द्यायला लावते."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सुगी संपली की हिवाळ्यात आम्ही खेडोपाडी मोतीबिंदूची शिबिरं घ्यायचो. कधी पलूसच्या बाजूला, कधी वर लोणंद-खंडाळ्याकडे. गावातली शाळा ताब्यात घ्यायची, एका वर्गात ऑपरेशनचं टेबल, बाकीच्या वर्गांत जमिनीवर पेंढा, पेंढ्यावर सतरंजी, आणि झाला वॉर्ड. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. त्या काळी तो पुरता पिकेपर्यंत थांबायची पद्धत होती. कच्चा असेल तर "पुढच्या वर्षी या" म्हणून परत पाठवायचं. शेतकऱ्यांना हे सांगावंच लागत नसे. "डाक्टर, ऊस तुटायला आलाय का बगा," असं म्हणून ते डोळा पुढे करायचे. पण पिकलेला फार दिवस तसाच ठेवला तर तो आतच फुटतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि नजर कायमची जाते. म्हणजे वेळ साधणं महत्त्वाचं. आणि कोण डॉक्टरांकडे जायचं आणि कोण घरी, ही पहिली चाळणी माझ्या हातात होती.

माझा तक्ता अक्षरं न येणाऱ्यांसाठीचा होता. त्यावर इंग्रजी ई हे एकच अक्षर, वर मोठं आणि खाली लहान लहान होत गेलेलं. कधी त्याची तोंडं वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. शेतात काडीकचरा ओढायचं दाताळं हुबेहूब तसं दिसतं. म्हणून मी विचारायची, "दाताळ्याचे दात कुणीकडं?" माणूस वीस फुटांवर उभा राहायचा, मी तक्त्यापाशी काठी घेऊन. काठी वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकही घर न चुकवता. उत्तर बरोबर आलं की मी खणखणीत आवाजात "बरोबर" म्हणायची. इतकी सुंदर पद्धत होती की वर्षानुवर्षं तिच्यात काडीचाही बदल करावासा मला वाटला नाही.

त्या वर्षी आम्ही सांगलीहून रेल्वेनं लोणंदला उतरून जीपनं डोंगराच्या अंगाच्या एका गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या तेव्हाच्या म्हाताऱ्यांच्या नातवंडांकडून मला अजून दिवाळीचं पत्र येतं. घरटी एक माणूस फौजेत, असं ते गाव. पारावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा ओळीत बसलेली. आदल्या दिवशी कोतवालानं दवंडी दिली होती, "उद्या शाळंत डोळ्याची मेडिकल हाय हो! समद्यांनी हजर ऱ्हावा!" मी ती ऐकली आणि मला ती फार नीटनेटकी वाटली. तिथंच पहिला खड्डा होता.

सकाळी पुरुषांची रांग लागली. सत्तरीच्या घरातली माणसं, कडक इस्त्रीचे सदरे, काहींच्या छातीवर पदकं. सगळ्यांत पुढे सुभेदार रावजी. पांढऱ्या मिशा, फेटा, पाठ अशी ताठ की माझी मीच खांदे मागे घेतले.

"उजवा डोळा झाका, सुभेदार."

"झाकला!"

मी काठी पहिल्या दाताळ्यावर टेकवली.

"ऊपर! नीचे! दहिने! बायें! बायें! ऊपर!"

मी "बरोबर" म्हणायच्या आत पुढचं उत्तर येत होतं. शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड. मग डावा झाकून उजव्यानं तेच. मी वहीत दोन्ही डोळ्यांपुढं 'उत्तम' लिहिलं. त्यांच्यामागून हवालदार कोंडिबा आले, तेही उत्तम. त्यांच्यामागचे नाईक, तेही उत्तम. बारा वाजेपर्यंत मी तीस-एक म्हातारे तपासले, आणि चष्मासुद्धा लागेल असा एक सापडला नाही.

आमचे सर्जन डॉक्टर वर्गात हत्यारं उकळून, हात धुऊन बसले होते. रिकामे हात त्यांना सोसत नसत. ते बाहेर येऊन म्हणाले, "बाई, हे गाव आहे की दुर्बिणींचा कारखाना?"

"हवा चांगली असेल, डॉक्टर. डोंगराची."

हे मी खरंच म्हटलं होतं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं होतं.

बायकांना दुपारी बोलावलं होतं. सगळ्यांच्या आधी आली ती हौसा, सुभेदारांची थोरली सून. हातात भाकरीचं फडकं. "मामंजींची खाट कुठली, बाई? भरती केलं न्हवं का?"

"त्यांना कशाला भरती करायचं? त्यांची नजर उत्तम आहे."

"कुनाची?"

"सुभेदारांची. दोन्ही डोळे."

हौसानं फडकं खाली ठेवलं. "आवं बाई, काल त्यांनी आमच्या रेडकाच्या पाठीवर हात ठिवून इचारलं, बाळ्या, आज शाळंला गेला न्हाईस व्हय? आन् डावा डोळा तर गेल्या दिवाळीपास्नं दगड झालाय. लय ठणकला, लय ठणकला आन् मग इझला."

मी वही उघडली. डावा डोळा, माझ्याच सुवाच्य अक्षरात: उत्तम.

मग मी जे केलं ते हुशारीचं होतं, पण चांगलं नव्हतं. सही राहिली म्हणून सुभेदारांना परत बोलावलं, आणि ते यायच्या आत तक्ता खिळ्यावरून काढून कपाटामागे ठेवला. ते वीस फुटांवर येऊन सावधानमध्ये उभे राहिले. मी रिकाम्या भिंतीवर काठी टेकवली. टक्.

"ऊपर!"

टक्. "नीचे!" टक्. "दहिने!"

सगळा तक्ता त्यांनी पांढऱ्या भिंतीवरून बिनचूक वाचला. तेवढ्यात डॉक्टरांनी जवळ जाऊन बॅटरीचा झोत त्यांच्या डोळ्यांवर टाकला, तरी पापणी हलली नाही. दारात उभ्या कोंडिबांना एका डोळ्यानं थोडं दिसत असावं. ते हळूच म्हणाले, "सुभेदारसाब, भितीवर कायबी न्हाई."

सुभेदार थांबले. दारातलं कुणीतरी हसलं. त्यांनी फेटा सारखा केला, अबाउट टर्न केलं आणि निघाले. दार त्यांच्या अंदाजापेक्षा हातभर डावीकडे होतं. हौसा पुढे झाली, पण तिनं त्यांचा हात धरला नाही. नुसत्या बांगड्या वाजवल्या. त्या आवाजावर त्यांनी दार बरोबर गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "डावा गेलेला आहे. आत फुटून गेलाय. उजवा पिकून टच्च झालाय. या हिवाळ्यात काढला नाही तर तोही त्याच वाटेनं जाणार. आणा त्यांना."

आता माझ्या व्यवस्थितपणाची आणखी एक खोड सांगते. जुन्या शिबिरांच्या वह्याही मी बरोबर नेत असे. दोन वर्षांपूर्वी लोणंदला शिबिर झालं होतं. ती वही चाळली. सुभेदार रावजी, डावा डोळा उत्तम, ऑपरेशनची गरज नाही. खाली माझी सही. म्हणजे तेव्हा तो डोळा जिवंत होता, पिकत आला होता, आणि मी त्याला घरी पाठवलं होतं.

दिवे लागायच्या वेळेला मी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर घोंगडीवर बसले होते.

"कोन हाय?"

"शाळेतली बाई."

"हसायचं ऱ्हायलं हुतं व्हय?"

"नाही. विचारायचं राहिलं होतं. सुभेदार, दिसत नव्हतं तर सांगितलं का नाहीत?"

त्यांनी घोंगडीचा कोपरा सरळ केला. मग म्हणाले, "बाई, भरतीला गेलो तवा छाती दोन बोटं कमी भरत हुती. श्वास भरून तसाच हुबा ऱ्हायलो, डोळ्याफुडं अंधारी आली, पर सोडला न्हाई. मेडिकल म्हनलं की मानूस पास व्हायला जातंय. फेल व्हायला कोन जातं, सांगा की."

"पण तक्ता पाठ कसा केलात?"

"लोणंदला. रांगंत माज्या फुडं धा-पंधरा गडी हुते. तुमी काठी मारायचा, गडी बोलायचे, तुमी बरुबर म्हनायचा. लय सोपं. तुमच्या काठीला ताल हाय, बाई. परेडसारका."

मी वही मांडीवर धरून बसले होते. म्हटलं, "मग तुमचा डावा डोळा माझ्यामुळे गेला."

"तुमच्यामुळं कसा? पाठ आमी केलं." मग म्हणाले, "पर एक इचारतो, रागावू नगा. मास्तरनं दर सालाला त्योच पेपर काढला तर पोरं पास व्हनार न्हाईत तर काय व्हनार?"

मी रागावले नाही. घरातून हौसाचा हसू दाबल्याचा आवाज आला.

"आन् बाकीची?" मी विचारलं. हो, तिथं बसून माझ्याही बोलण्यात 'आन्' आलं. "कोंडिबा, नाईक, ती सगळी? ती तर लोणंदला नव्हती."

सुभेदारांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "त्यास्नी म्या शिकवलं. दवंडी झाल्याव पारावर परेड घेतली. दोन डाव म्हनून घेतलं समद्यांकडनं. म्हनलं, गावाची इज्जत हाय."

"म्हणजे सुभेदार, उद्या आम्ही सामान बांधून गेलो तर तुमच्यामागं कितीजणांचे डोळे जातील?"

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते उठून उभे राहिले. "उजवा वाचंल का माजा?"

"उद्या टेबलावर आलात तर डॉक्टरांना खात्री आहे. पुढच्या वर्षी आलात तर मला नाही."

"सकाळी सात वाजता," ते म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "सूनबाई, फेटा धुवून ठेव!"

सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानात सगळी फलटण ओळीत उभी होती. डॉक्टर व्हरांड्यात चहा पीत होते, तो तसाच हातात राहिला. सुभेदार ओळीच्या उजव्या टोकाला उभे राहिले आणि असा आवाज लावला की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

"जिसको दिखाई नहीं देता... एक कदम आगे! मार्च!"

पहिलं पाऊल त्यांचं. मग धप्, धप्, धप्. कोण पुढं आलं आणि कोण मागं राहिलं हे त्यांच्यातल्या बहुतेकांना दिसतच नव्हतं, त्यामुळे लाजायला कारण उरलं नाही. हवालदार कोंडिबांनी मात्र जोशात दोन पावलं टाकली आणि झेंड्याच्या खांबाला धडकले. "हा पन फेल हाय, लिवून घ्या," ते कपाळ चोळत म्हणाले.

मग डॉक्टरांनी स्वतः बॅटरीनं एकेकाचा डोळा पाहिला. दोघंतिघं अगदी स्वच्छ निघाले. त्यांना उत्तम दिसत होतं, पण सुभेदारांनी हुकूम दिल्यावर मागं राहणं त्यांना बरं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडे थंड कांडी नव्यानं आली होती. आधी चिमट्यानं भिंग ओढावं लागे, कधी ते फाटायचं. ही कांडी भिंगाला टेकवली की ते तिला गोठून चिकटायचं आणि अखंड बाहेर यायचं. सुभेदारांना मी सांगितलं, "काडीला कुल्फी चिकटते ना, तसं."

"म्हंजी डोळ्यात गारेगार," ते म्हणाले आणि टेबलावर आडवे झाले.

"अजिबात हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"जीव गेला तरी हलनार न्हाई, साब."

"जीवही जाऊ देऊ नका. यादीत तुम्ही पहिलेच आहात, बाकीचे पळून जातील."

ऑपरेशन अर्ध्या तासाचं. खरी कसोटी पुढे. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि दिवसच्या दिवस उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कडक काही चावायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. टाके निसटले तर सगळं मुसळ केरात. इतर गावांत या पथ्यासाठी मला दिवसभर खेकसावं लागे. इथं सुभेदारांनी पडल्या पडल्या वॉर्डाचा ताबा घेतला.

"शिंक म्हंजी फायरिंग! हुकमाबिगर न्हाई!"

"आली की, सुभेदारसाब," पलीकडून कोंडिबा.

"वरचा ओठ बोटानं दाब!"

"दाबला."

"गेली?"

"गेली. पर आता हसू येतंय."

"हसू बी हुकमाबिगर न्हाई!"

आणि मग पेंढ्यावर ओळीनं पडलेले पट्टीवाले म्हातारे ओठ आवळून, पोट गदगदा हलवत, आवाज न करता हसायचे. मी दारात उभी राहून पिशव्या सरकल्या नाहीत ना ते बघायची. माझ्या वॉर्डातला एकही टाका निसटला नाही, हे त्या सुभेदाराचं काम.

सातव्या दिवशी पट्ट्या उघडल्या. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत; बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा द्यायचो. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. सुभेदारांना चष्मा चढवला तेव्हा हौसा चहाचा कप घेऊन समोर उभी होती, डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढलेला.

"ही कोन?"

"तुमची सून."

"एवढी थोराड?"

"चष्म्यातून तसं दिसतं," मी घाईनं म्हटलं. त्यांनी कपासाठी हात पुढं केला आणि कपाच्या वीतभर अलीकडची हवा पकडली. हौसानं कप त्यांच्या मुठीत दिला.

"आन् पदर कशाला एवढा? इतकी वर्सं घरात घेत न्हवतीस."

हौसानं पदर आणखी खाली ओढला. "तुमाला दिसत हुतं, मामंजी?"

"दिसत न्हवतं. पर पदर सावरताना बांगड्या वाजत्यात. त्या वाजायच्या न्हाईत." एक घोट घेऊन म्हणाले, "असू दे. डोस्क्यावर ठेव, नाकावर नगं. भाकरी करपंल."

दीड महिन्यानं आम्ही कायमचे चष्मे द्यायला पुन्हा त्या शाळेत गेलो. तेव्हापासून मी तक्ता प्रत्येक माणसागणिक फिरवू लागले होते. काठीही कुठूनही कुठं टाकत होते. बाहेरून आलेल्याला वाटलं असतं, ही बाई गोंधळलेली आहे. मला ते सहन करायला शिकावं लागलं.

सुभेदार पहिले. डावा डोळा त्यांनी स्वतःच झाकला. काठी पडली. ते थांबले, मान किंचित पुढे घेतली, मग म्हणाले, "उजवीकडं." मराठीत, आणि हळू. पुढचं, "वर." कुठलाही ताल नाही. एकेक दाताळं ते जणू हातात घेऊन बघत होते. पाचव्या ओळीनंतर थांबले.

"पुढं, सुभेदार?"

"पुढं दिसत न्हाई," ते म्हणाले. आणि मागच्या रांगेकडे वळून, मैदानात लावला होता त्या आवाजात, "ऐकलं का रं? दिसत न्हाई तितं दिसत न्हाई म्हनायचं!"

"जी साब!" रांग म्हणाली.

मी वही मिटायला लागले. एवढं पुरे होतं. पण ते तिथंच उभे होते.

"डावा ऱ्हायला, बाई."

"तो नको, सुभेदार."

"पद्धत हाय न्हवं तुमची? मग घ्या."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि ताठ उभे राहिले. मी काठी सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत मोठ्या दाताळ्यावर ठेवली. ते पाहत राहिले. मागं कुणी शिंकलंसुद्धा नाही.

"कायबी न्हाई," ते शेवटी म्हणाले. "लिवा."

मी लिहिलं.